आधीच पेटलेला विस्तव

कोळशाचा विस्तव लाकडाच्या जाळाइतका बोलका नसतो. कोणी फुंकर घातली तर ठिणग्या उडतात, एरवी तो राखेखाली लाल होऊन पडून राहतो. आणि त्याच्याभोवती जो कोणी उभा राहील त्याच्या केसांना, हातांना, अंगावरच्या कापडाला आपला कोरडा, किंचित कडवट वास देऊन टाकतो. तो वास एका धुण्याने जात नाही.

येरुशलेमेत त्या रात्री थंडी होती, हे योहानाने मुद्दाम लिहून ठेवले आहे. प्रमुख याजकाच्या वाड्यात चाकरांनी आणि शिपायांनी कोळसे पेटवले होते, आणि त्यांच्यातच मिसळून पेत्र हात शेकत उभा होता. आत त्याच्या गुरूची चौकशी चालली होती. काही तासांपूर्वीच ज्याने जेवणाच्या वेळी सर्वांदेखत छातीवर हात ठेवल्यासारखे सांगितले होते की प्राण गेला तरी मी सोडणार नाही, त्याला आता दारावरच्या एका मुलीने सहज विचारले, तू त्याच्यातलाच का? आणि तो नाही म्हणाला. मग आणखी कोणी विचारले, आणि शेवटी ज्याचा कान पेत्राने बागेत तलवारीने तोडला होता त्या मल्खाच्याच एका नातेवाइकाने, विस्तवाच्या उजेडात चेहरा निरखून पाहत विचारले. तीन वेळा प्रश्न, तीन वेळा नकार, आणि कुठेतरी कोंबडा आरवला. लूक सांगतो की त्या क्षणी येशूने वळून पेत्राकडे पाहिले. त्या पाहण्यात काय होते, हे लूकही सांगत नाही.

पेत्र बाहेर गेला आणि रडला.

काराव्हाज्जोने ही रात्र रंगवली ती १६१० मध्ये, आपल्या आयुष्याच्या शेवटच्या महिन्यांत. ते चित्र आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यात तीनच माणसे आहेत. शिपायाचे एक बोट आणि बाईची दोन बोटे अशी तीन बोटे पेत्राकडे वळली आहेत, आणि पेत्राचे दोन्ही हात त्याच्या स्वतःच्या छातीकडे वळले आहेत. मी तो नव्हेच, असे सांगणारे हात. पण चित्र पाहताना वाटते की चौथा आरोपही त्याच हातांनी केला आहे, आणि तो सर्वांत कठोर आहे. कपाळावर आठ्या, डोळ्यांत पाणी येण्याच्या जरासे आधीची चमक, आणि मागे अंधार, दाट, काही न सांगणारा. हे चित्र रंगवणाऱ्याच्या हातून चार वर्षांपूर्वी रोममध्ये एक माणूस मारला गेला होता. तेव्हापासून तो नेपल्स, माल्टा, सिसिली असा पळत होता, आणि पोपकडून माफी मिळेल या आशेने परत रोमच्या वाटेला लागला होता. वाटेतच, पोर्तो एर्कोले नावाच्या बंदरात, त्या जुलैमध्ये तो वारला. माफीची वाट पाहणाऱ्या माणसाने पेत्राचा नकार रंगवला, त्याचे रडणे रंगवले नाही, त्याची सकाळ रंगवली नाही. तिथपर्यंत पोहोचायला त्याला दिवस पुरले नाहीत, असे माझ्या मनात येते, आणि त्या चित्रासमोर मला चित्रकारासाठीच प्रार्थना करावीशी वाटते.

सकाळ मात्र झाली.

ती गालीलच्या सरोवरावर झाली. समुद्रसपाटीपासून २०० मीटरहून खोल असलेले ते गोडे पाणी, भोवती टेकड्या, वायव्येच्या काठावर गरम झरे. १९८६ मध्ये दुष्काळाने तिथले पाणी हटले तेव्हा गिनोसारजवळच्या चिखलात मासेमारी करणाऱ्या दोघा भावांना एक होडी सापडली, साधारण त्याच काळातली, आठ मीटरांहून थोडी लांब. तपासणी केली तेव्हा दिसले की तिला सुमारे डझनभर जातींचे लाकूड लागले आहे. जी फळी कुजली ती काढायची, हाती लागेल ते लाकूड बसवायचे, पुन्हा पाण्यात लोटायचे, असे करत करत कोणा गरीब माणसाने तिला वर्षानुवर्षे चालवले होते. ती पेत्राची होडी आहे असे कोणी म्हणत नाही आणि मीही म्हणणार नाही. पण पेत्र परत मासे मारायला निघाला तेव्हा तो अशाच एखाद्या जोड दिलेल्या होडीत बसला असणार, हे मला फार जवळचे वाटते. आमच्याकडे वसईच्या बंदरावरही होडी अशीच जगते.

तो परत का निघाला, याचे उत्तर ज्याचे त्याने शोधावे. क्रुसावर मेलेला येशू पुन्हा उठला आहे हे त्याला कळले होते, त्याने त्याला पाहिलेही होते. आनंद होता. पण आनंद आणि त्या अंगणातला वास, दोन्ही एकाच अंगात राहू शकतात. ज्याला आपण तोंडावर नाकारले तो जिवंत आहे ही बातमी जितकी सुखाची तितकीच अवघड. कारण मेलेल्या माणसासमोर एकदा रडून मोकळे होता येते, जिवंत माणसाच्या समोर बसावे लागते. म्हणून पेत्राने जुने, ओळखीचे काम धरले असेल, दोर, जाळे, पाण्याचा गार वारा, ज्यात कोणी काही विचारत नाही. सहाजण त्याच्याबरोबर गेले. रात्रभर जाळे टाकले. काही लागले नाही.

उजाडताना काठावर कोणीतरी उभे होते. उजव्या बाजूला टाका, असे त्याने सांगितले आणि जाळे इतके भरले की ओढवेना. मोठे मासे, एकूण १५३. या आकड्याचा अर्थ लावताना मोठमोठे पंडित थकले. ऑगस्टीनने तर एकपासून सतरापर्यंतच्या अंकांची बेरीज करून त्यात दहा आज्ञा आणि आत्म्याची सात दाने पाहिली. मला त्या आकड्यात वेगळेच काही ऐकू येते. रात्र रिकामी गेलेला माणूस सकाळी मासळी मोजतो तेव्हा तो एकेक मासा हातात घेऊन मोजतो. त्या मोजण्यात विश्वास बसत नसल्याचा आनंद असतो.

पेत्राने मात्र मोजायला थांबायचे नाव घेतले नाही. काठावरचा तो कोण आहे हे योहानाने ओळखून सांगताच त्याने अंगरखा गुंडाळला आणि पाण्यात उडी घेतली. पोहायला जाणारा माणूस कपडे काढतो. हा चढवून गेला. शंभर मीटरांच्या आतबाहेरचे ते अंतर, सकाळचे पाणी, अंगाला चिकटलेला ओला कपडा, आणि काठावर पाय लागताच सर्वांत आधी नाकात शिरलेला तो वास.

कोळशाच्या विस्तवाचा.

तो तिथे आधीच पेटलेला होता. त्याच्यावर मासे होते, भाकरी होती. जाळे काठाला लागायच्या आधी, एकही मासा त्या जाळ्यातून बाहेर निघायच्या आधी न्याहारी तयार होती. कोळसा कोणी आणला, तो फुंकून लाल होईपर्यंत कोण वाकून बसला, भाकरी कुठली, यातले काहीच शुभवर्तमान सांगत नाही. मी मात्र त्या हातांचा विचार करत राहते. खिळ्यांच्या खुणा असलेले हात विस्तवावर मासा उलटत आहेत. आणि समोर पेत्र, चिंब, थरथरत, शेकायला पुढे येणार तर पुन्हा त्याच वासाच्या भोवती, पुन्हा तसेच हात पुढे करून. येशूने त्याला एखाद्या नव्या, स्वच्छ जागी नेऊन क्षमा केली असती तर ती घेणे किती सोपे गेले असते! त्याने त्याच्यासमोर तोच विस्तव मांडला. आणि खायला बोलावले. त्या रात्रीबद्दल एक अक्षरही न काढता आधी खायला बोलावले.

आमच्या घरी आजी होती. पाचूबंदरच्या कोळीवाड्यात तिचे सारे आयुष्य गेले, आणि तिची धाकटी बहीण, माझी मावशीआजी, दोन गल्ल्या सोडून राहायची. दोघींचे बोलणे नव्हते. वडिलांच्या मागे होडी विकली गेली तेव्हा धाकटीचा वाटा तिला मिळाला नाही. आजीने तोंड उघडले असते तर मिळाला असता, असे सगळा वाडा जाणून होता. ती गप्प राहिली होती. बस्स, एवढेच. पण त्या गप्प राहण्याचे ओझे तिने असे उचलले की प्रायश्चित्तकाळात दर शनिवारी ती कन्फेशनला जायची, फादर दोन-तीन नमो मरिया म्हणायला सांगायचे, आणि ती संपूर्ण रोझरी म्हणायची. मग गुडघ्यांवर क्रुसाची वाट, एकेका चित्रासमोर थांबत, ओठ हलत, दाराशी चर्चची दारे लावणारा माणूस किल्ल्या घेऊन ताटकळत. मी तिचा पदर धरून उभी असायची. देवाने क्षमा केली हे फादर दर शनिवारी तिला सांगत होते. ती दर शनिवारी ते ऐकून परत ओझे उचलून घरी येत होती.

एका मे महिन्यात, आगोटीच्या धांदलीत, मावशीआजीच्या मुलीने बोंबलांची एक माळ आणून ओटीवर ठेवली. आईने पाठवलेत, पावसाळ्याला ठेवा, एवढे सांगून ती गेली. सुके बोंबील पाहिले आहेत ना? वलांडीवर टाकताना एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवतात आणि जोडीने दोरीवर लटकावतात. उन्हात ते असे आवळून सुकतात की सोडवायला गेले तर दातच तुटतात. त्या वर्षीचे बोंबील चांगले होते, पांढुरके, न खवटलेले, खारवाऱ्याचा वास असलेले. आजीने माळ घेतली आणि चुलीवरच्या आढ्याला टांगली.

आणि तिला हात लावला नाही.

पाऊस आला. होड्या वर ओढल्या गेल्या, बंदर बंद झाले, घरातले इतर सुके संपत आले. आजी आम्हांला डाळीशी भाकरी वाढायची आणि वर ती माळ धुराने तांबूस होत लटकत राहायची. आईने एकदा सुचवले, तेव्हा आजी नुसती वर पाहून पुन्हा पिठात हात घालून बसली. मला तेव्हा वाटायचे की तिला बहिणीचा राग आहे. आज वाटते की ती त्या माळेला घाबरत होती. रागाने पाठवलेले काही असते तर तिने सहज पचवले असते. त्याची तिला सवय होती, तेच आपल्याला शोभते असे ती मानून चालली होती. पण ज्यांचा वाटा आपण जाऊ दिला त्यांनी आपल्या पावसाळ्याची काळजी केली, हे घशाखाली कसे उतरवायचे? खाल्ले म्हणजे फिटले असे कबूल करायचे, आणि आपण तर काहीच फेडलेले नाही. शिक्षा भोगण्यात माणसाला एक आधार असतो. निदान तेवढी एक गोष्ट आपल्या हातात आहे असे वाटते. कृपा येते ती नेमकी तेवढीच काढून घ्यायला येते.

नारळी पौर्णिमा होऊन गेली, होड्या पाण्यात गेल्या, ताजी मासळी घरात येऊ लागली. आता सुक्याची गरजही नव्हती. अशाच एका संध्याकाळी आजी स्टुलावर चढली, माळ काढली, विस्तव पुढे ओढला आणि बोंबील एकेक करून निखाऱ्यावर ठेवू लागली. ते तडतडले, आक्रसले, कडेने काळे झाले. त्या वासाने घर भरले. तिने पहिला तुकडा स्वतःच्या तोंडात घातला, उभ्यानेच, आम्हांला वाढायच्या आधी, जे तिने कधी केले नव्हते. का त्याच दिवशी, हे आम्ही विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. उरलेले कागदात बांधून ती दोन गल्ल्या ओलांडून गेली, मीही मागोमाग गेले. मावशीआजीने दार उघडले. आजीला बोलायचे होते, पण ओठ थरथरले आणि रडूच आले. मावशीआजी म्हणाली, "आधी जेव गो बाय, मग काय ते रड."

एवढ्या सगळ्या शनिवारांनी जे झाले नव्हते ते त्या ओसरीवर झाले, असे मी म्हणणार नाही. कोण जाणे, तेच शनिवार तिला त्या ओसरीपर्यंत घेऊन गेले असतील.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातली एक गोष्ट मला या ठिकाणी नेहमी आठवते. १८५८ मध्ये गंगामूळच्या रानात जन्मलेल्या या मुलीने बालपणापासून आईवडिलांबरोबर तीर्थामागून तीर्थे पायी तुडवली. पुराण सांगायचे, दान करायचे, व्रते, उपास, पुण्य जोडायचे. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेले. उपवास करणाऱ्या त्या घरात शेवटी उपासमारच पाहुणी होऊन राहिली. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या कथेत मला गलबलून येते ते याच्या नंतरच्या भागाशी. आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळले की हाती धर्म लागला होता, ख्रिस्त लागला नव्हता. एवढी विदुषी, एवढी चालून आलेली बाई, धर्म बदलला तरी कमावून घ्यायची सवय पायांतून गेली नव्हती. जे फुकट दिले आहे ते फुकट घ्यायचे असते, एवढे उमगायला त्यांना इतका काळ लागला. मग मात्र केडगावला मुक्ती मिशनच्या माळरानावर दुष्काळातून आलेल्या मुली, विधवा, आंधळ्या बायका यांच्यासाठी त्यांच्या चुली पेटल्या त्या विझल्या नाहीत. आयुष्याच्या अखेरीस त्या हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. योहानाच्या शेवटच्या अध्यायाशी त्या येऊन पोहोचल्या असतील तो दिवस मी डोळ्यांपुढे आणते. दिवा, कोश, कमी ऐकू येणाऱ्या कानांची शांतता, आणि समोर ते किनाऱ्यावरचे निखारे. उपाशी राहून पुण्य मिळवणाऱ्या घरातली लेक, न्याहारीला बोलावणारा देव मराठीत उतरवत होती.

आणि येशूला धरून देणारा यहूदा? त्याला सोडून पुढे जाता येत नाही. पस्तावला तोही, खरा पस्तावला. घेतलेली तीस नाणी त्याने परत नेऊन दिली, निरपराध रक्ताचा आपण घात केला असे तोंडाने कबूल केले. पण ज्यांच्यासमोर कबूल केले त्यांच्याजवळ क्षमा नव्हती. तुझे तू पाहा, असे म्हणून त्यांनी अंग काढून घेतले. त्या सकाळपर्यंत तो थांबला असता तर त्या विस्तवाभोवती एक जागा त्याचीही असती, असे मी मनापासून मानते. फ्रान्समध्ये व्हेझले येथे बाराव्या शतकातले चर्च आहे. त्याच्या एका खांबाच्या माथ्यावर एका बाजूला फास लागलेला यहूदा कोरला आहे, जीभ बाहेर आलेली. आणि दुसऱ्या बाजूला एक माणूस त्याचे प्रेत खांद्यावर टाकून चालला आहे, हरवलेले मेंढरू घेऊन यावे तसा. तो कोण, यावर वाद आहेत. पोप फ्रान्सिस यांना तो उत्तम मेंढपाळच वाटे, आणि त्या शिल्पाविषयी ते पुन्हा पुन्हा बोलत. दगड फोडणाऱ्या त्या अनाम कारागिराला कोणी शिकवले असेल असे कोरायला? मला त्याच्या धाडसाचे पाय धरावेसे वाटतात.

न्याहारी झाली तेव्हाच प्रश्न आला. आधी नाही. विस्तवाजवळ, पोट भरल्यावर, येशूने पेत्राला त्याच्या जुन्या नावाने हाक मारून विचारले की माझ्यावर तुझी माया आहे का. पेत्र हो म्हणाला. पुन्हा विचारले. पुन्हा हो. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा पेत्राला वाईट वाटले, असे योहान लिहितो. वाटणारच. जखमेवर बोट ठेवल्याशिवाय औषध लागत नाही, आणि इथे बोट बरोबर तीनदा ठेवले गेले, जितक्या वेळा नकार तितक्या वेळा. पण त्या तीन उत्तरांत पेत्राने आता काय केले ते पाहावे. छातीवर हात मारून शपथ घेतली नाही, इतरांपेक्षा मी जास्त असे म्हटले नाही. तुला सगळे ठाऊक आहे, एवढ्यावर तो येऊन थांबला. स्वतःबद्दल त्याच्याजवळ आता दुसरा पुरावाच नव्हता. आणि येशूने त्या एवढ्याशा उत्तरावर आपली मेंढरे त्याच्या हवाली केली.

त्यानंतर लगेच, अजून त्या हाकेचा ओलावा गेला नसेल, पेत्राने मान वळवून योहानाकडे पाहिले आणि विचारले, याचे काय? त्याची ही एक चौकशी मला अतोनात प्रिय आहे. क्षमा मिळालेला पेत्र पेत्रच राहिला. पुढे कितीतरी वर्षांनी अंत्युखियात तो इतर राष्ट्रांतल्या भावांच्या पंगतीला बसून जेवत होता, आणि येरुशलेमेहून काही माणसे आली तेव्हा त्यांच्या भीतीने ताटावरून उठला. पौलाने त्याला सर्वांसमोर त्याबद्दल सुनावले. पुन्हा भीती, पुन्हा लोक काय म्हणतील, पुन्हा ओळख नाकारणे. या वेळी फक्त जेवणाऱ्या भावांची. पेत्राने पौलाला काय उत्तर दिले, तो परत ताटावर बसला का, हे लिहून ठेवलेले नाही. पण त्याच्या नावाने असलेल्या पत्रात म्हातारपणी तो वडीलजनांना कळपाला चारा असे सांगतो, आणि प्रीती पापांच्या राशी झाकते, हे सांगतो. हे त्याला कोणत्याही ग्रंथात वाचावे लागले नसेल.